पिकासाठी सल्ला घेतो, मग मनासाठी का नको?

(शेतकरी मेळाव्यात ‘ताणतणाव आणि समुपदेशन’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कृषिविद्या विभाग’ असे छापले आहे. त्यामुळे मी कपाशीचे अंतर किंवा तुरीचे आंतरपीक यावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. ते विषय माझे सहकारी दुपारच्या सत्रात घेणार आहेत. मी आज वेगळा विषय मागून घेतला आहे. मी डॉक्टर नाही; पण या विषयात माझ्या घरी जे घडले ते सांगितल्याने कोणाचा उपयोग होत असेल, तर संकोच करण्याचे कारण नाही.

सन २०१७ चा खरीप हंगाम आपणांस आठवत असेल. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. आमच्या घरची शेती माझे थोरले बंधू पाहतात. दिवाळीनंतर गावी गेलो तेव्हा मी थेट शेतात गेलो. ठिकठिकाणची वीस हिरवी बोंडे तोडली, फोडून पाहिली, किडके किती ते मोजले. दादा बांधावर बसून होते. उठून जवळ आले नाहीत. मी म्हटले, “दादा, नुकसानीचा अर्ज भरला का?” ते म्हणाले, “भरू.” मुदत संपायला तीन दिवस उरले होते आणि कागद घरात तसेच पडले होते.

संध्याकाळी वहिनींनी मला बाजूला बोलावून सांगितले, “भाऊजी, पिकाचं राहू द्या. ह्यांना दोन महिने झाले, रात्री दोन वाजता जाग येते ती येतेच. जेवण निम्म्यावर आलंय. बैलांकडेसुद्धा बघत नाहीत.”

मी दिवसभर त्या माणसासोबत होतो. बोंडे मोजली; भावाकडे पाहिले नाही. गुलाबी बोंडअळीचे वैशिष्ट्य आपण शिबिरांतून नेहमी सांगतो की, अळी आत शिरल्यावर छिद्र बुजते, बोंड वरून हिरवेगार दिसते आणि नुकसान फोडल्यावरच कळते. हे दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माझ्या ध्यानात घरचे आले नाही.

लक्षणे कशी ओळखावीत?

नुकसान झाल्यावर वाईट वाटणे हा आजार नव्हे. चार-आठ दिवसांत माणूस सावरतो व कामाला लागतो. परंतु खालील गोष्टी सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज आढळल्यास नैराश्याची शंका घ्यावी व तज्ज्ञाला दाखवावे.

१) मन सतत उदास राहणे; पूर्वी आवडणाऱ्या कामात व माणसांत रस न वाटणे.
२) झोप न लागणे, पहाटे फार लवकर जाग येणे किंवा उलट अति झोप येणे.
३) भूक व वजन कमी होणे, अंगात त्राण नसल्यासारखे वाटणे.
४) साधे निर्णयही न घेता येणे, कामे पुढे ढकलणे, चिडचिड वाढणे.
५) ‘आपण घरादाराला भार झालो’ असे वाटणे, मरणाचे विचार येणे.

दारूचे प्रमाण एकाएकी वाढणे हीसुद्धा खूण समजावी. पुष्कळ पुरुष रडत नाहीत, पितात. दुखणे तेच असते. स्त्रियांच्या बाबतीत डोकेदुखी, अंगदुखी, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन वर्षानुवर्षे दवाखाने बदलले जातात आणि मूळ कारण कोणी विचारीत नाही.

बेंगळुरू येथील ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी साधारण दहा टक्के लोकांना काही ना काही मानसिक आजार असल्याचे, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळून आले. म्हणजे आजार विरळा नाही, उपचार विरळा आहेत. याला सोयींची कमतरता जबाबदार आहेच. पण आपल्या मनातील भीतीही तितकीच जबाबदार आहे. आमच्या घरीही याच भीतीपायी एक महिना वाया गेला. त्यातील नेहमीच्या शंका एकेक करून पाहू.

शंका पहिली : लोक वेडा म्हणतील

दादांचा पहिला प्रश्न हाच होता. “मला काय वेड लागलंय? उद्या पोरीच्या सोयरिकीला लोक काय म्हणतील?” या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “पोरीला बाप असला, तर सोयरीक.” त्यानंतर ते निघाले.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो, तेव्हा कोणी ओळखीचे दिसू नये म्हणून मीच मान खाली घातली होती, हेही कबूल करतो. थोड्या वेळाने वर पाहिले तर बाकावर एक शिक्षक, एक बाळंतीण, परीक्षेच्या काळजीने खंगलेला एक मुलगा आणि आमच्यासारखेच दोन-तीन शेतकरी बसले होते. मनात धरलेले चित्र आणि समोरचे चित्र यांत काही मेळ नव्हता.

शंका दुसरी : घरची गोष्ट गावभर होईल

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला आहे. या कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराविषयी गुप्तता राखली जाण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणे यांसारखे मोजके अपवाद सोडल्यास, डॉक्टर किंवा समुपदेशक आपले बोलणे बाहेर सांगू शकत नाहीत. पारावर मन मोकळे करण्यापेक्षा ही जागा खात्रीची आहे. आपल्याला काही शंका असल्यास पहिल्याच भेटीत तसे स्पष्ट विचारावे.

शंका तिसरी : कोंडून ठेवतील, शॉक देतील

बहुसंख्य रुग्णांवर बाह्यरुग्ण विभागातच उपचार होतात. केसपेपर काढायचा, तपासणी करून संध्याकाळी घरी यायचे. विजेच्या उपचाराची गरज फार थोड्यांना, तीव्र आजारात पडते. भूल न देता असा उपचार करण्यास वरील कायद्याने मनाई केली आहे.

शंका चौथी : गोळ्यांची सवय लागेल

प्रत्येकाला गोळ्या लागतातच असे नाही. सौम्य आजारात केवळ समुपदेशनानेही गुण येतो. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्या दारू-तंबाखूसारखी तलफ लावीत नाहीत. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात; तेव्हा आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नयेत. दुसरे, बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने त्या घ्याव्यात आणि त्यांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्यात. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्यांची सवय लागू शकते. म्हणून त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत.

शंका पाचवी : बोलून कर्ज फिटणार आहे का?

ही शंका सर्वांत खरी आहे. तिला थातूरमातूर उत्तर देऊन चालणार नाही. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, कापसाला भाव मिळत नाही. शेतकऱ्याचे दुःख हे केवळ त्याच्या मनाचे दुखणे आहे असे म्हणून कोणी बाजारभाव, सिंचन आणि पतपुरवठा यांच्या जबाबदारीतून सुटू पाहील, तर ते मान्य करू नये.

मग उपयोग काय? दादांना समुपदेशकाने काय सांगितले, ते त्यांच्याच तोंडून ऐकलेले सांगतो. पहिल्या भेटीत पाऊण तास ते फक्त विचारीत होते. झोप किती, जेवण किती, दिवस कसा जातो, कर्ज कोणाकोणाचे, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी दचकलो. दादा मात्र म्हणाले, “येतो.” आणि दोन महिन्यांत प्रथमच त्यांचे खांदे सैल झालेले मी पाहिले. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते, असे तज्ज्ञ सांगतात.

पुढच्या भेटींत छोटी छोटी कामे ठरवून दिली. सकाळी उठून बैलांना पाणी दाखवायचे. आठवड्यातून दोनदा एका मित्राकडे जायचे. सगळी देणी एका कागदावर लिहायची. त्यांतील एकच निवडायचे आणि बँकेत जाऊन व्यवस्थापकाला भेटायचे. मन लागेल तेव्हा काम करू असे न म्हणता, काम सुरू करावे म्हणजे मन हळूहळू मागे येते, अशी ही पद्धत आहे. गोव्यात ‘संगात’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तींकडून करून घेतले. त्याचा रुग्णांना चांगला फायदा झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

त्या हंगामातील अर्जाची मुदत आमच्याकडून गेलीच. ते पैसे मिळाले नाहीत. परंतु बँकेतील कर्जाचे पुनर्गठन झाले, कारण दादा स्वतः उठून बँकेत गेले. आजाराने कर्ज वाढत नाही, पण कर्जातून मार्ग काढणारा माणूस आजारी पडतो. त्याला उभे करणे एवढेच समुपदेशनाचे काम आहे, आणि ते थोडके नाही.

गावातून सुरुवात करता येते

अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला होता. गावातीलच कार्यकर्त्यांनी घरोघर माहिती दिली व समुपदेशन केले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. माणसे तीच, गावे तीच. माहिती दारापर्यंत गेली आणि भीती कमी झाली. राज्य शासनानेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्तींना महत्त्वाचे स्थान देण्यात आले.

कोठे जावे, काय करावे?

१) केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो चोवीस तास चालू असतो. मराठीतूनही बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.
२) जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत करण्यात आले आहेत.
३) वाट माहीत नसल्यास गावातील आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे.
४) पहिल्या भेटीला घरातील एक माणूस सोबत न्यावा. चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर ठेवाव्यात.
५) घरातील कोणी देवाधर्माचे करू म्हणत असेल तर भांडू नये. ते करावे, पण डॉक्टरांचे उपचार थांबवू नयेत.
६) कोणी मरणाची भाषा करीत असल्यास ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नये. शांतपणे ऐकावे, एकटे सोडू नये व त्याच दिवशी मदत मिळवावी.
७) फवारणीची औषधे राहत्या घरात ठेवू नयेत. कुलूपबंद पेटीत ठेवून किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. हंगाम संपल्यावर उरलेला साठा करू नये. एक कृषि पदवीधर म्हणून मी ही शिफारस सर्वांत आग्रहाने करतो. वाईट घटका टळली की माणूस वाचतो.

बंधू-भगिनींनो, पानावर ठिपका दिसला की आपण तेच पान पिशवीत घालून विद्यापीठात घेऊन येता. त्यात कमीपणा मानीत नाही. घरातल्या माणसाची झोप उडाली, तर तेवढीच तत्परता दाखवावी.

या व्याख्यानात घरची हकीकत सांगू का, म्हणून मी दादांना फोनवर विचारले होते. ते म्हणाले, “सांग. आणि पिकाच्या आधी माणसाकडे बघा म्हणावं.” तो निरोप आपणांपर्यंत पोहोचवून मी आपली रजा घेतो.