परदेशातील मुक्काम आणि मुदतीचा कागद
(ट्रस्टच्या महोत्सवी व्याख्यानमालेत वडोदरा येथे झालेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या महोत्सवात विद्वानांची भाषणे झाली. आम्ही विद्वान नव्हे. सेवानिवृत्त गृहस्थ आहोत. परंतु आज आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुले परदेशी आहेत, आणि वडीलधारी माणसे वर्षाआड त्यांच्याकडे जातात. म्हणून व्हिसा व मुक्कामाची मुदत हा रुक्ष विषय आम्ही मुद्दाम निवडला.

या शहरात परदेशगमन नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज प्रथम 1887 साली युरोपात गेले. पुढे 1900 साली लॉर्ड कर्झनने संस्थानिकांच्या परदेशवारीवर परवानगीचे बंधन घातले, ते महाराजांना फार लागले. राजालाही जेथे परवानगी चुकली नाही, तेथे तुमची आमची काय कथा!

प्रथम आमचाच अनुभव सांगतो. आम्ही उभयता मे महिन्यात अमेरिकेस कन्येकडे गेलो. पासपोर्टावर दहा वर्षांचा व्हिसा होता. तेव्हा मुदतीची चिंता नाही, अशी आमची समजूत. ऑक्टोबरात सौ. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. त्या धावपळीत तारखेकडे पाहतो कोण! शेजारचे एक हैदराबादी गृहस्थ डबा घेऊन आले होते. त्यांनी सहज विचारले, "तुमची तारीख कोणती?" पाहतो तो अवघे आठ दिवस उरलेले!

येथेच बहुतेकांची गफलत होते. व्हिसावरची तारीख म्हणजे त्या देशाच्या दाराशी जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहावयाचे, ते विमानतळावरील अधिकारी ठरवितो. अमेरिकेत पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. त्या नोंदीस आय-94 म्हणतात. 2013 पासून विमानाने येणाऱ्यास तिचा कागद हाती देत नाहीत. सरकारी संकेतस्थळावरून ती आपणच काढून घ्यावयाची असते.

आम्ही तातडीने आय-539 हा मुदतवाढीचा अर्ज उभयतांच्या नावे केला. सोबत डॉक्टरांचे पत्र, खर्चाची तरतूद दाखविणारे बँकेचे कागद आणि परतीचे तिकीट जोडले. मुदत संपण्यापूर्वी खऱ्या कारणासाठी असा अर्ज गेला, तर निकाल लागेपर्यंतचे दिवस सामान्यतः बेकायदा मुक्कामात धरीत नाहीत. जानेवारीत सौ. चालू लागल्या आणि निकालाची वाट न पाहता आम्ही परतलो. अर्जाची पोच मात्र अजून जपून ठेवली आहे.

तारीख चुकली असती तर? मुदत ओलांडली की तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. बेकायदा मुक्काम 180 दिवसांवर गेला आणि मग देश सोडला, तर तीन वर्षे प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा अधिक झाला, तर दहा वर्षे. मंडळी, सत्तरीच्या माणसाला दहा वर्षे म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. "आणखी थोडे दिवस राहा ना आजी," या नातवाच्या शब्दाखातर राहावे आणि त्याच नातवाच्या मुंजीला मुकावे, असे होऊ नये.

आता इतर देशांविषयी थोडक्यात. कॅनडात साध्या पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. परंतु तेथील नागरिक वा कायम रहिवासी यांच्या आईवडिलांसाठी व आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा आहे. 4 जुलै 2022 पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षेपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे वा नातवाचे निमंत्रणपत्र, त्याच्या उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. ऑस्ट्रेलियात आईवडिलांसाठी 870 क्रमांकाचा व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो. एकंदर मुक्काम दहा वर्षांपलीकडे जात नाही. तेथील पर्यटक व्हिसावर 8503 हा आकडा असेल तर तेथे राहून मुदतवाढ बहुधा मिळत नाही. तो आधीच पाहून घ्यावा. इंग्लंडचा व्हिसा दोन, पाच वा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेचा मुक्काम सामान्यतः सहा महिनेच. तेथे मुदतवाढीच्या भरवशावर जाऊ नये.

कित्येकांना मुलांजवळ स्थायिक व्हावेसे वाटते. अमेरिकेचे नागरिक असलेले 21 वर्षांवरील अपत्य आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकते. परंतु ते घेऊन वर्षाचे अकरा महिने येथे राहणे चालत नाही. ते कार्ड तेथे वस्ती करणाऱ्याचे आहे. येथील वाडा, येथील वैद्य, येथील चार माणसे सोडवतील काय, याचा विचार उभयतांनी आधी घरी बसून करावा.

आणखी दोन सूचना. विमा घेताना जुन्या दुखण्यांविषयीचे कलम वाचावे. नवा अपघात बसतो, जुना गुडघा बहुधा बसत नाही. पेन्शनरांनी नोव्हेंबरातील हयातीचा दाखला विसरू नये. 2014 पासून तो जीवन प्रमाण योजनेतून देता येतो, आणि परदेशातील आपल्या वकिलातीतही सोय आहे. अधिकाऱ्याने विचारले तर खरे तेच सांगावे. पर्यटकाला तेथे मोबदला घेऊन काम करता येत नाही, हेही ध्यानात असावे. नियम बदलत असतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या सरकारचे संकेतस्थळ पाहावे, केवळ ऐकीव माहितीवर विसंबू नये.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. ट्रस्टच्या कार्यालयात एक वही ठेवावी. परदेशी जाणाऱ्या सभासदाने तेथे पोहोचताच आपल्या मुदतीची तारीख कळवावी, आणि ती येण्याच्या दोन महिने आधी कार्यालयातून कोणी फोन करावा. खर्च एका वहीचा. आम्हास तो हैदराबादी शेजारी दैवाने भेटला. प्रत्येकाला भेटेलच असे नाही. ते शेजारधर्माचे काम आपल्या ट्रस्टने करावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.