गोचीडताप आणि डॉ. थायलर



संकरित गाय चारा सोडते, अंग तापतं, खांद्यापुढची गाठ सुजते. पशुवैद्य रक्त तपासून सांगतात, ‘थायलेरिया’. या जंतूला ज्यांचं नाव मिळालं, त्या अरनॉल्ड थायलर यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

थायलर मूळचे स्वित्झर्लंडचे, जन्म १८६७ चा. पशुवैद्यक शिकून १८९१ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे शेतावरच्या यंत्रात डावा हात गमावला, तरी काम थांबलं नाही.

१९०२ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुरांबरोबर एक रोग दक्षिणेत शिरला आणि कळपच्या कळप मरू लागले. सुरुवातीला लोकांना तो लाल लघवीचा जुनाच रोग वाटला. थायलरांनी रक्ताच्या काचपट्ट्या पाहून जंतू वेगळा असल्याचं दाखवलं. केपमधले कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी प्रयोग करून तो पसरवणारा तपकिरी गोचीड शोधला. हा गोचीड लहानपणी आजारी जनावराचं रक्त पितो, खाली पडून कात टाकतो आणि मग दुसऱ्या जनावराला चावून रोग देतो. म्हणजे गाय गायीला शिवल्याने हा रोग लागत नाही. तेव्हापासून गुरांना औषधी हौदातून वारंवार पोहवून काढणं सुरू झालं. रोग हटायला मात्र १९५० चं दशक उजाडलं.

प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्टला १९०८ मध्ये थायलरांनी उभारलेली संशोधन संस्था आजही चालू आहे. त्यांचे चिरंजीव मॅक्स यांना डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या लसीसाठी १९५१ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडचा जंतू त्याच कुळातला, गोचीड मात्र निराळा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गाय सोडते आणि गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते. म्हणून नुसती गाय फवारली की चार दिवसांनी गोचीड पुन्हा हजर! गावरान जनावरं हा रोग बऱ्यापैकी सोसतात. संकरित गाय आणि तिचं वासरू लवकर दगावतं. संकरित जनावरांसाठी लस आहे, ब्युपारव्हाक्वोन हे औषधही आहे. पण ते लवकर टोचलं तरच गुण येतो.

तेव्हा पशुपालक बंधूभगिनींनो, विकत आणलेलं जनावर गोचीड काढल्याशिवाय गोठ्यात घेऊ नका. ताप दिसला की त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. आणि भिंतीच्या, गव्हाणीच्या भेगा पावसाळ्याआधी बुजवून घ्या.