हेडेसडॉर्फ ते आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही मुलीकडे जर्मनीला जाऊन आलात, तिथलं काहीतरी सांगा. पण दहा मिनिटांत!" म्हणून राजवाडे, चर्च, नदीतली बोटीची सफर सगळं बाजूला ठेवतो आणि एका साध्या वस्तीबद्दल बोलतो. कारण तिचं आपल्याशी नातं आहे.

ऱ्हाईन नदीच्या काठी नॉयवीड नावाचं सुमारे ६५ हजार वस्तीचं शहर आहे. हेडेसडॉर्फ हा त्याचाच एक भाग. नॉयवीड वसवलं १६५३ साली; हेडेसडॉर्फ मात्र त्याहून पुष्कळ जुनं. रोमन सैन्याची छावणी इथं होती. रोमन साम्राज्याच्या ज्या सरहद्दीवर ती होती, त्या सरहद्दीला २००५ साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. आज मात्र त्या जागेवर घरं आणि रस्ते आहेत. पेंटेकॉस्टच्या सणाला इथं घोडेस्वारांची फेरी निघते. बाकी पाहाल तर आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेठेसारखी साधी वस्ती.

पण १८५२ साली इथं एक बर्गोमास्टर आला, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष. त्याचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन. त्याआधी एका गावात, १८४६-४७ च्या दुष्काळात, त्यानं लोकांना एकत्र करून भाकरीची सोय केली होती. इथले छोटे शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेले त्यानं पाहिले. १८५४ मध्ये त्यानं श्रीमंतांना गोळा करून एक परोपकारी मंडळ काढलं. गरिबांना जनावरं घ्यायला मदत, अनाथ मुलांची देखभाल, अशी कामं सुरू झाली. हेतू चांगला होता. पण काही वर्षांतच देणाऱ्यांचा उत्साह ओसरला. देणारे एका बाजूला, घेणारे दुसऱ्या बाजूला, असं फार काळ चालत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

मग १८६४ साली त्यानं त्याच मंडळाच्या जागी कर्ज देणारी संस्था उभी केली. ज्याला कर्ज हवं, त्यानंच सभासद व्हायचं. संस्थेचं क्षेत्र लहान, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारे. कारभारी बिनपगारी, पगार फक्त हिशेबनिसाला. आणि सगळ्यात अवघड अट म्हणजे अमर्याद जबाबदारी. शेजाऱ्यानं कर्ज बुडवलं तर माझं शेतसुद्धा त्याला बांधील!

पुढे त्याची नजर इतकी अधू झाली की मुलगी अमालिया त्याचं लिखाण करून देई. १८८८ मध्ये तो तिथंच वारला. त्याची कबरही हेडेसडॉर्फमध्येच आहे. मी तिथं जाऊन नमस्कार करून आलो.

आता नातं सांगतो. १८९० च्या दशकात मद्रास सरकारनं निकल्सन नावाच्या अधिकाऱ्याला युरोपातल्या अशा संस्थांचा अभ्यास करायला सांगितलं. त्याच्या अहवालाचा सारांश एवढाच, की आपल्याकडे कुणी रायफायझन शोधा. १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी हेडेसडॉर्फ नॉयवीडमध्ये सामील झालं. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा तर आपल्या शेअर सर्टिफिकेटवरच छापलेला आहे. सहकाराची कल्पना आणि तिचा व्यवहार २०१६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. म्हणजे तुमच्या-माझ्या कपाटातला तो कागदसुद्धा त्या वारशाचाच एक कण!

इथं एक कबुली देतो. बारा वर्षांपूर्वी लिफ्ट बदलायची होती, तेव्हा भर सभेत उभा राहून मी म्हणालो होतो, "मी पहिल्या मजल्यावर राहतो, मी का पैसे देऊ?" जुन्या मंडळींना आठवत असेल, हसताय म्हणजे आठवतंय! चार महिने मी वर्गणी अडवली. दोन वर्षांनी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच लिफ्टनं मी घरी आलो. कुणीही मला त्या भाषणाची आठवण करून दिली नाही. त्या कबरीसमोर मला तेच आठवलं. तिथं शेजाऱ्याच्या कर्जासाठी लोकांनी शेतं बांधून घेतली, आणि मी लिफ्टच्या हप्त्यासाठी भांडत होतो.

गेल्या वर्षी कमिटीसाठी पुरेसे अर्ज आले नाहीत. तीच चार माणसं राबतात, बाकीचे आपण मेंटेनन्स भरून मोकळे. देणारे आणि घेणारे वेगळे झाले की काय होतं, ते हेडेसडॉर्फनं दहा वर्षांत पाहिलं. आपल्याला पंचवीस वर्षं झाली. पुनर्विकासाचा प्रश्न दारात उभा आहे. तो चार माणसांनी पेलायचा नाही.

म्हणून या वेळी मी अर्ज भरतोय. वय बहात्तर, गुडघा नवा! माझ्याबरोबर दोन तरुणांनी भरावा, एवढंच मागणं.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय सहकार!