मुलांसमवेत सामना पाहतांना



ख्रिस्ती घरांतील मुलांस रविवारच्या शाळेंत नम्रतेचा पाठ मिळतो. परंतु त्या पाठाची परीक्षा सामना पाहतांना होते. पंचाचा निर्णय विरुद्ध जातांच वडीलच त्यास शिव्या देऊं लागले, तर मुलानें कोणता पाठ खरा मानावा?

१९४३ सालीं मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत हिंदु संघाविरुद्ध 'रेस्ट' संघाचा दुसरा डाव ३८७ धावांत आटोपला. त्यांतील ३०९ धावा सांगलीस ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या होत्या. सहाव्या गड्यासाठीं ३०० धावांची भागी झाली. तींत त्यांचे बंधु विवेक यांनीं अवघ्या २१ केल्या. इतकें होऊनहि 'रेस्ट' संघ एक डाव व ६१ धावांनीं हरला.

मुलें विचारतात, "कोण जिंकलें?" आपण विचारावें, "दुसऱ्या टोकास विवेक उभे राहिले नसते, तर त्या ३०९ होत्या काय?" प्रेषित पौलानें करिंथकरांस एका शरीराच्या अनेक अवयवांविषयीं जें लिहिलें, तें मुलांस मग व्याख्यानावांचून उमगतें.

मात्र खेळ चालूं असतां उपदेश करूं नये. प्रतिपक्षाच्या सुंदर फटक्यास आपण टाळी द्यावी, पंचाचा निर्णय मुकाट्यानें स्वीकारावा, आणि आपला संघ हरला तरी रात्रीच्या जेवणावर त्याची छाया पडूं देऊं नये. शेजाऱ्यावरील प्रीति मुलें आपल्या मुखांतून ऐकतात खरी. पण ती शिकतात आपल्या वागण्यांतून.