बोधचिन्हांचे रंग : आपल्याशी कोण बोलतंय?

(बचत गटांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दुपारच्या सत्रात तुमच्यातले काही गट आपल्या मसाल्याच्या, पापडाच्या, शेवयांच्या पाकिटांसाठी बोधचिन्ह ठरवणार आहेत. त्याआधी रंगांविषयी थोडं बोलावं, असं मला सांगितलं गेलं. काहीजणींच्या मनात येईल की हा जाहिरातवाल्यांचा विषय, बाईच्या प्रश्नांशी याचा काय संबंध? संबंध आहे आणि तो किराणा दुकानापासूनच सुरू होतो.

दुकानात आपण काय मागतो ते आठवा. "पिवळी पावडर द्या", "लाल साबण द्या". पुष्कळदा वस्तूचं नावही घेत नाही, रंग सांगतो आणि दुकानदाराला बरोबर कळतं. एसटीला आपण 'लाल डबा' म्हणतो, तोही याच सवयीने. जिला शाळेचं तोंड पाहू दिलं नाही, तिच्यासाठी रंग हेच अक्षर असतं. पाकिटावरचा मजकूर तिला परका असतो, रंग मात्र ओळखीचा असतो.

कंपन्यांना हे फार चांगलं ठाऊक आहे. २००३ साली कोलगेट आणि अँकर या दोन कंपन्यांचा दंतमंजनाच्या डब्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला. प्रश्न होता लाल आणि पांढऱ्या रंगसंगतीचा. न्यायालयाने कोलगेटच्या बाजूने मनाई हुकूम दिला. ग्राहक, त्यातही लिहिता-वाचता न येणारा ग्राहक, वस्तू ओळखतो ती डब्याच्या रंगावरून आणि एकंदर रूपावरून, हा विचार त्यामागे होता. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातही रंगांच्या संगतीला जागा आहे. म्हणजे निरक्षर बाईची नजर ही कोर्टात भांडण्याइतकी मोलाची मालमत्ता आहे. फक्त ती मालमत्ता बाईच्या नावावर नाही.

आता रंग मनावर काम कसं करतो ते पाहू. यावर बाजाराच्या अभ्यासकांनी बरंच संशोधन केलं आहे. २००६ साली बॉटमली आणि डॉयल या दोन अभ्यासकांनी दाखवलं की, निव्वळ उपयोगाच्या वस्तूच्या बोधचिन्हाला लोकांना निळा रंग शोभतोसा वाटतो आणि हौसेच्या, चारचौघांत मिरवण्याच्या वस्तूला लाल. २०१२ साली लॅब्रेक आणि मिल्न यांच्या अभ्यासात लाल रंगाशी उत्साह आणि निळ्याशी कार्यक्षमता जोडली गेलेली दिसली. बँका आणि विमा कंपन्या निळ्याकडे का वळतात, खाण्याच्या वस्तूंवर लाल-पिवळा इतका का दिसतो, याचा उलगडा यातून काही अंशी होतो.

पण यातून एक घोटाळाही होतो. लोक म्हणायला लागतात की निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे जोश, गुलाबी म्हणजे बाई. हे निसर्गानेच ठरवून दिलंय. तसं नाही. आपल्याकडे पांढरा रंग विधवेवर लादला गेला, युरोपात तोच नवरीचा पोशाख झाला. निळा रंग कंपनीला कार्यक्षमतेचा वाटो, दीक्षाभूमीवर निळा झेंडा पाहताना मनात जे उभं राहतं ते कोणत्याही बँकेने दिलेलं नाही. गुलाबीचंच घ्या. अमेरिकेत १९१८ साली लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने मुलग्यांसाठी गुलाबी आणि मुलींसाठी निळा अशी शिफारस केली होती. गुलाबी जास्त ठसठशीत, म्हणून तो मुलग्याचा! पुढच्या काही दशकांत बाजाराने हे उलटं करून टाकलं. आपण मात्र बाळंतविडा घेताना हा नियम आदिकाळापासून चालत आलाय असं समजून वागतो.

रंगाचा अर्थ तयार होतो तो पुन्हापुन्हा शेजारी ठेवण्यातून. हळद आणि कुंकू आपल्या आयुष्यात शुभप्रसंगाशेजारी ठेवले गेले आणि विधवेपासून दूर ठेवले गेले. पिढ्यान् पिढ्या असं झाल्यावर त्या रंगांनाच मानपान आणि अपमान चिकटले. बोधचिन्हाचंही तेच तंत्र आहे. ज्याच्याजवळ भिंती, पाकिटं आणि पडदे रंगवायला पैसा, तो आपला रंग हव्या त्या भावनेशेजारी ठेवू शकतो.

१९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आलं. तिची ती गुलाबी-पांढरी नळी किती घरांतल्या आरशाजवळ होती ते तुम्हीच आठवा. गुलाबी म्हणजे नाजूक, नाजूक म्हणजे गोरी, गोरी म्हणजे लग्नाला आणि नोकरीला योग्य, अशी साखळी जाहिरातींनी वर्षानुवर्षं बांधली. रंगभेदाविरुद्ध आवाज वाढल्यावर २०२० मध्ये कंपनीने नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. नाव बदलणं हे चळवळींचं यश आहेच. पण गुलाबी रंग तिथेच राहिला आणि न वाचणाऱ्या बाईला तो आधी जे सांगत होता तेच सांगत राहिला.

या गुलाबीची किंमतही आपणच मोजतो. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५ मध्ये जवळपास ८०० वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या. बायकांसाठी म्हणून विकलेल्या वस्तू पुरुषांसाठीच्या तशाच वस्तूंपेक्षा सरासरी ७ टक्के महाग निघाल्या आणि अंगाला-केसांना लावायच्या वस्तूंत तर १३ टक्के. हे आकडे तिथले आहेत, पण सवाल आपलाही आहे. पुढच्या वेळी दुकानात बायकांचं आणि पुरुषांचं दाढीचं पातं शेजारी ठेवा आणि दोन्हींच्या किमती वाचा.

आता हिरव्या रंगाकडे येते. हिरवा म्हणजे शेत, झाड, ताजेपणा. बाईच्या हातात हिरवा चुडा. म्हणूनच कंपन्या हिरव्याकडे धावतात. मॅकडोनाल्डने २००९ मध्ये जर्मनीत आपल्या चिन्हामागचा लाल काढून गडद हिरवा आणायला सुरुवात केली. पर्यावरणाविषयी आदर दाखवायचा, असं कारण दिलं. बीपी या तेल कंपनीने २००० साली हिरव्या-पिवळ्या सूर्यफुलासारखं बोधचिन्ह घेतलं. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तिच्या विहिरीवर स्फोट झाला, ११ कामगार मेले आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं. चिन्ह मात्र हिरवंच होतं.

हे दूरचं वाटत असेल तर आपल्या शेतात चला. कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, आपल्या शंकरपाळ्याच्या आकाराचा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे त्याच्या खालच्या अर्ध्या भागात चारपैकी एक रंग असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. नीट ऐका, हिरवासुद्धा विषारीच आहे. वरच्या अर्ध्या भागात कवटी आणि हाडांचं चित्र येतं ते फक्त लाल वर्गात. बाकीच्या तीन वर्गांत चित्र नाही, केवळ विष, धोका, सावधान अशा अर्थाचे शब्द.

आता विचार करा. टीव्हीवरचा प्रत्येक साबण, प्रत्येक बँक बाईला शिकवते की निळा म्हणजे भरवसा. प्रत्येक तेलाची पिशवी शिकवते की हिरवा म्हणजे आरोग्य. खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका तर सरकारनेच शिकवलाय, शाकाहारी म्हणून. आणि हीच बाई पाणी आणते, औषध कालवायला मदत करते, फवारून आलेल्याचे कपडे धुते. तिच्यासमोर निळा आणि हिरवा चौकोन येतो आणि तिथे अर्थ एकदम फिरतो. तो अर्थ तिला कोणी सांगितला? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. त्यामागे बरीच कारणं होती, नुसता रंग नव्हे. पण डब्यावरची धोक्याची खूण ज्यांना वाचता यायला हवी, त्यांनाच ती वाचता येते की नाही हे विचारणं आपलं काम आहे.

सरकारच्या एका बोधचिन्हाची गोष्ट तर आपल्या शरीरावरच लिहिली गेली आहे. उलटा लाल त्रिकोण. कुटुंबनियोजनाची ही खूण १९६० नंतरच्या दशकात आली. तीन रेघा आणि एक रंग, कोणत्याही रंगाऱ्याला भिंतीवर काढता येईल अशी. अक्षर न येणाऱ्यांपर्यंत पोचायचं, हा त्यातला हेतू चांगलाच होता. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांवर आणि कितीतरी जबरदस्तीने. लाल त्रिकोण तोच, लाल रंग तोच, पण तो दिसला की माणसं पळू लागली. १९७७ मध्ये 'कुटुंबनियोजन' जाऊन 'कुटुंबकल्याण' हे नाव आलं आणि शस्त्रक्रियेचं ओझं हळूहळू बाईकडे सरकलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण जवळपास ३८ टक्के आहे आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के.

यातून मला एवढंच म्हणायचंय की रंग पहिली ओळख करून देतो, पण त्याच्यामागे काय व्यवहार होतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. मालकाने ठरवलेला अर्थ लोकांच्या अनुभवाने पुसला जाऊ शकतो. आणि हे आपल्या उपयोगाचंही आहे.

बायकांनी आपले रंग स्वतः निवडल्याची उदाहरणं आहेत. मताधिकारासाठी लढणाऱ्या इंग्लंडमधल्या एका संघटनेने, विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियनने, १९०८ साली जांभळा, पांढरा आणि हिरवा असे तीन रंग घेतले. एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी ते ठरवले : प्रतिष्ठा, शुद्धता आणि आशा. 'शुद्धता' हा शब्द आज आपल्याला खटकेल. पण फितीवरच्या या रंगांनी अनोळखी बायका एकमेकींना ओळखू लागल्या. ८ मार्चचा जांभळा रंग तिथून आला. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात संपत पाल यांनी २००६ मध्ये बायका संघटित केल्या, सर्वांना गुलाबी साडी आणि हातात काठी. त्याच गुलाबीने नवऱ्यांना आणि पोलिसांना विचार करायला लावला. क्रीमच्या नळीवरचा गुलाबी आणि ही गुलाबी साडी यांत रंगाचा फरक नाही, तो कोणाच्या हातात आहे याचा फरक आहे.

आता दुपारच्या कामासाठी काही सूचना करते.

पहिली, 'बायकांचा गट आहे म्हणून गुलाबी' असं आपोआप ठरवू नका. तुमचं तिखट झणझणीत असेल तर पाकिटाने तेच सांगावं.

दुसरी, मोठ्या कंपनीच्या पाकिटासारखी रंगसंगती उचलू नका. पहिला खप होईलही, पण तुमची वस्तू बाईला दुसऱ्याची म्हणून लक्षात राहील आणि वर नोटीस येईल ती वेगळीच.

तिसरी, केवळ रंगावर विसंबू नका, आकारही वेगळा ठेवा. काहींना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. म्हणूनच २०२० च्या अन्न-लेबल नियमांनी मांसाहाराचा तपकिरी गोल बदलून तपकिरी त्रिकोण केला. तुमच्या साध्या आणि तिखट पापडाची पाकिटं अंधाऱ्या दुकानातही वेगळी ओळखू यायला हवीत.

चौथी आणि महत्त्वाची. चिन्ह कागदावर काढून झालं की गटातल्या न वाचणाऱ्या बाईपुढे ठेवा. तिला काही सांगू नका, फक्त विचारा : यात काय असेल? कोणासाठी असेल? महाग वाटतं की स्वस्त? भरवसा वाटतो का, आणि का? तिचं उत्तर आपल्या मनासारखं नसेल तर चिन्ह बदला, तिला समजावत बसू नका.

आणि एक काम गावाकडे गेल्यावर करायचं. घरात, गोठ्यात, शेतावर कीटकनाशकाचे जे डबे असतील, त्यांवरचा चौकोन एका मोठ्या कागदावर काढा. चारही रंग भरा आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकीला अर्थ विचारा. हिरव्याला किती जणी "चांगलं" म्हणतात ते मोजा आणि ती संख्या घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा. कवटीची खूण एकाच रंगाला का, हा प्रश्न बायकांनी विचारायला हवा, कारण रिकामा डबा धुऊन घरात ठेवणारी बाईच असते.