एका दुकानाचा सातबारा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. सातबारा शेताचा असतो, दुकानाचा कुठून आला? आणि ते दुकानही आपल्या तालुक्यातले नाही, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातले आहे. तिथे सातबारा नसतो हे खरे. पण जागा कोणाच्या नावावर, कसणार कोण आणि फळ कोणाला, हा सातबाऱ्याचा प्रश्न जगात सगळीकडे सारखाच आहे. म्हणून एका लहानशा दुकानाचे मालक कसे बदलत गेले, एवढेच आज सांगणार आहे.

मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात ग्रीनवुड शहराच्या उत्तरेला मनी नावाचे छोटे गाव आहे. एका राजकारण्याच्या आडनावावरून ते नाव पडले. जवळून टॅलाहॅची नदी वाहते. गावात रेल्वेचा रूळ, कापसाचे जिन आणि रस्त्याकडेला चार दुकाने. त्यांतलेच हे एक, विटांचे, दुमजली. १९५० नंतरच्या काळात रॉय ब्रायंट आणि त्याची बायको कॅरोलिन हे तरुण गोरे जोडपे ते चालवीत होते. पाटी होती ‘ब्रायंट्स ग्रोसरी अँड मीट मार्केट’. दर्शनी भागात किराणा आणि मांसाची विक्री, मागच्या खोल्यांत बिऱ्हाड. गिऱ्हाईक बहुतेक सारे कृष्णवर्णीय, दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवणारे. म्हणजे मालक गोरा, पण गल्ल्यातला पैसा काळ्या हातांचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

२४ ऑगस्ट १९५५ रोजी शिकागोहून आजोळच्या नात्यात सुटीला आलेला १४ वर्षांचा एमेट टिल हा कृष्णवर्णीय मुलगा भावंडांबरोबर या दुकानात गेला. त्याने च्युइंगगम विकत घेतले. आत काय घडले यावर पुढे पुष्कळ वाद झाले. कॅरोलिन बाहेर आली तेव्हा त्याने शीळ घातली, असे बरोबरच्या मुलांनी सांगितले. २८ ऑगस्टच्या पहाटे रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी मुलाच्या आईचे काका मोझेस राइट यांच्या घरातून त्या पोराला उचलून नेले. ३१ तारखेला त्याचे प्रेत नदीत सापडले. गळ्यात काटेरी तारेने बांधलेला, सुमारे ३४ किलो वजनाचा जिनातला पंखा होता.

त्या मुलाची आई मॅमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. हजारो लोकांनी दर्शन घेतले. छायाचित्रे कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांत छापली गेली आणि देश हादरला.

सप्टेंबरमध्ये समनर गावच्या न्यायालयात खटला चालला. ज्यूरीतले बाराही जण गोरे पुरुष. असे का? ज्यूरी मतदारयादीतून निवडत आणि त्या परगण्यात कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीतच नव्हती. मोझेस राइट यांनी भर न्यायालयात उभे राहून आरोपींकडे बोट दाखवले. त्या काळी त्या मुलखात हे करणे म्हणजे प्राण तळहातावर घेणे होते. तरीही ज्यूरीने ६७ मिनिटांत दोघांना निर्दोष सोडले. काही महिन्यांनी, जानेवारी १९५६ मध्ये, त्याच दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली छापू दिली. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला होत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

बंधुभगिनींनो, कायद्याने सोडले, पण गिऱ्हाइकांनी सोडले नाही. कृष्णवर्णीयांनी त्या दुकानाची पायरी चढणे बंद केले. या कुटुंबाची आसपासच्या गावांतही दुकाने होती, त्यांच्यावरही बहिष्कार पडला. दीड वर्षाच्या आत ती दुकाने एक तर बंद पडली, नाही तर विकली गेली. मायलमकडे शेतावर राबायला माणसे मिळेनात. ज्यांच्या हाती मत नव्हते, ज्यूरीतली खुर्ची नव्हती, बंदूक नव्हती, त्यांच्या हाती रोजच्या बाजाराचे चार पैसे होते. ते त्यांनी दुसरीकडे नेले आणि ब्रायंटची पाटी उतरली.

आता खरा प्रश्न सुरू होतो. पाटी उतरली, पण इमारत कोणाकडे गेली?

ती दुसऱ्या दुकानदारांकडे गेली. जागा तीच, धंदा किराण्याचाच, फक्त नाव बदलले. पुढच्या काळातल्या छायाचित्रांत ‘यंग्ज ग्रोसरी अँड मार्केट’ अशी पाटी दिसते. मग गावच ओसरले. शेतावर यंत्रे आली, मजूर शहरांकडे गेले, गिऱ्हाईक उरले नाही आणि दुकान बंद झाले. १९८० नंतरच्या दशकात ही वास्तू एका स्थानिक कुटुंबाकडे आली, आणि ते कुटुंब १९५५ च्या त्या ज्यूरीतल्या एका सदस्याचे होते. कागदोपत्री यात काहीच गैर नाही. पण ज्या समाजाचे दुःख त्या भिंतींत आहे, त्या समाजाचे नाव त्या कागदावर कोठेही नाही.

पुढे छप्पर खचले. २००५ साली कतरिना वादळाने आणखी पडझड केली. वेली वाढल्या, भिंती वाकल्या. जागा घेऊन स्मारक करावे असे प्रयत्न झाले, पण व्यवहार जुळला नाही. २०११ मध्ये रस्त्याच्या कडेला सरकारी माहितीफलक लागला, कारण रस्ता सार्वजनिक होता. त्या फलकाचीही २०१७ मध्ये कोणीतरी नासधूस केली. दुकानाला लागूनच एक जुना पेट्रोलपंप आहे. नागरी हक्कांच्या ऐतिहासिक स्थळांसाठी राखलेल्या निधीतून दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळून तो पंप नव्यासारखा झाला. त्या घटनेत पंपाचा काही भाग नव्हता. आज तिथे जाणाऱ्याला शेजारी चकचकीत पंप दिसतो आणि ज्या दारातून तो मुलगा बाहेर पडला ते दुकान मातीला मिळालेले दिसते.

२५ जुलै २०२३ रोजी, एमेटच्या जन्मदिनी, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एमेट आणि त्याची आई यांच्या नावे राष्ट्रीय स्मारक जाहीर केले. त्यात तीन स्थळे आली: शिकागोतले अंत्यविधीचे चर्च, समनरचे न्यायालय आणि प्रेत जिथून काढले असे मानतात तो नदीकाठ. दुकान त्यात नाही. ज्या कोठारात मुलाला मारहाण झाली तेही खाजगी मालकीचे होते. ते २०२५ मध्ये त्याच्या स्मृतीसाठी काम करणाऱ्या संस्थेने देणगी मिळवून रीतसर विकत घेतले. सत्तर वर्षे लागली, पण कोठाराचा कागद बदलला आणि मगच स्मारकाची वाट मोकळी झाली.

या सगळ्याचे मला दिसलेले सार एवढेच की, गिऱ्हाईक म्हणून त्या समाजाने दुकान बंद पाडले. पण मालकी हाती नव्हती म्हणून दुकान राखता आले नाही. बहिष्काराने अन्याय करणाऱ्याचा धंदा बुडतो. आठवण जपायला मात्र खरेदीखत लागते.

परमपूज्य बाबासाहेबांना कागदाचे हे मोल पुरते ठाऊक होते. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर लढाई संपली नाही. तळे खाजगी आहे असा दावा विरोधकांनी न्यायालयात लावला. बाबासाहेब दहा वर्षे तो लढले. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयातही निकाल आपल्या बाजूने लागला, तेव्हा तळ्यावरचा हक्क कायद्याने पक्का झाला. विद्यार्थिदशेत ते लंडनच्या ज्या घरात राहिले, तेही खाजगी मालकीचे होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. तरीही राहत्या घराचा वापर स्मारकासाठी करायला तिथल्या परिषदेने नकार दिला आणि २०२० मध्ये वरच्या पातळीवरून परवानगी मिळाली. म्हणजे मालकी मिळाली तरी वापराचा कागद वेगळा लागतो.

म्हणून आपल्या घराकडे पाहू या. आपला विहार, वाचनालय, वसतिगृह, संस्थेच्या उत्पन्नासाठी घेतलेला दुकानगाळा यांचे कागद कोणाकडे आहेत? जागा संस्थेच्या नावावर आहे, की वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या पदाधिकाऱ्याच्या? मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे? विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिला आहे का? माणूस प्रामाणिक असतो, त्याचे वारस अनोळखी असू शकतात. वर्गणी देताना आपण पावती मागतो, तशीच सर्वसाधारण सभेत कागदाची फाईलही मागावी. यात कोणावर अविश्वास नाही. ज्यांनी रोजंदारीतून विटा घेतल्या त्यांचा तो हक्क आहे.