टेक्सासच्या किनाऱ्यावरचे क्रौंच

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ पडू लागला, की कितीतरी निवृत्त जोडपी आपली आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन टेक्सासचा समुद्रकिनारा गाठतात. मुक्काम थंडी सरेपर्यंत, आणि अनेकांच्या गळ्यात दुर्बीण!

त्याच सुमारास तिथं हूपिंग क्रेन हे क्रौंच उतरतात. कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातून सुमारे चार हजार किलोमीटर उडत ते अरान्सास अभयारण्यात येतात. उंची जवळजवळ पाच फूट, अंग पांढरंशुभ्र, माथा लाल. पंखांची काळी टोकं नीट दिसतात ती उडताना. खाऱ्या दलदलीत आई-बाप आणि त्यांचं तांबूस पिल्लू सावकाश चालत निळे खेकडे शोधतात. छोटा खेकडा अख्खा गिळतात, मोठा चोचीनं फोडून खातात.

१९४१ मध्ये हे पक्षी जेमतेम वीस-बावीस उरले होते. आज या एका थव्यातच पाचशेहून अधिक आहेत. शिकारबंदी आणि १९३७ पासूनचं हे अभयारण्य, यांचं हे फळ. पण ग्वादलूप नदीचं गोडं पाणी खाडीत पुरेसं आलं नाही, तर खारेपणा वाढतो, खेकडे घटतात आणि क्रौंच उपाशी राहतात. खरी काळजी याचीच आहे.

ह्यूस्टनला लेकीकडे, मुलाकडे हिवाळ्यात जाणार असाल, तर तीनेक तासांवरच्या रॉकपोर्टला जरूर जा. तिथून बोटीनं हे पक्षी दुरून, त्यांना न बिचकवता पाहता येतात.